भुदरगडात केसर आंब्याच्या बागेला काय घालू: मळी, कोंबडखत की शेणखत?

तांबडं_रान
नमस्कार मंडळी. गारगोटीच्या पश्चिमेला डोंगरउताराला आमचं एक एकर केसर आहे. झाडं पाच वर्षांची. तांबडी माती, खाली लगेच जांभा. पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जातं आणि दिवाळी झाली की कुदळ लागत नाही. झाडं जगलीत, पण वाढ मनासारखी नाही, पानं फिकट. गोठ्यात आता दोनच म्हशी, शेणखत पुरत नाही. ओळखीचा ट्रॅक्टरवाला साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस साफ करताना निघणारा गाळ, टाकतो म्हणतोय, शेणखतापेक्षा बरीच स्वस्त. दुसरा कोंबडखताची पोती देतोय. मामांचं म्हणणं, काही नको, जीवामृत सोड. मे चालू आहे, एक वळीव होऊन गेलाय. काय आणू, किती घालू, कधी घालू? रासायनिक पूर्ण बंदच करायचं असं नाही, पण जमीन सुधारायची आहे.

वडगावचा_ऊसवाला
भावा, कोंबडखत घाल बिनधास्त. ऊस बघ कसा काळाभोर होतो आमचा. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

आमराई_कागल
उसाचं ठीक आहे, त्याला पालाच वाढवायचा असतो. आंब्याला पाला वाढला की मोहोर रुसतो. कोंबडखतात नत्र (नायट्रोजन) शेणखताच्या चार-पाच पट, आणि ते लगेच लागू होतं. पावसाच्या शेवटी दिलं तर ऐन थंडीत झाड तांबूस पालवी फोडून मोकळं, मोहोराच्या नावानं शंख. शिवाय ताजं असेल तर मुळ्या भाजतात. पोतं उघडल्यावर डोळे चुरचुरले तर ते खत अजून कच्चं आहे, तो अमोनिया आहे. म्हणून म्हणतो, कुठलं खत यापेक्षा ते कुजलंय का, हे आधी बघा.

मळीचं सांगतो. कारखाने उन्हाळ्याच्या तोंडाला बंद होतात, म्हणजे आत्ता जी मळी येईल ती गेल्या हंगामाची. वरून वाळलेली, भुसभुशीत, काळपट दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर ती झाडाला द्यायची नाही. आमच्याकडे एकदा ट्रॉली खाली झाली तेव्हा वरची मळी थंडगार होती आणि फावड्यानं मधोमध फोडली तर वाफ निघाली, आंबूस वासासकट. आणणाऱ्याचं म्हणणं, 'कुजलेलीच आहे की!'

मळी वाईट मुळीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस गंधक आणि चुन्यानं साफ करतात, त्यामुळे मळीत स्फुरद (फॉस्फरस), कॅल्शियम, गंधक चांगलं असतं. तुमच्या तांबड्या मातीला नेमकं तेच कमी पडतं. तुमच्याकडच्या पावसानं चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन जातं, माती आंबट होते आणि मातीतलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. सुपर फॉस्फेट नुसतं पसरलं तर निम्मंअधिक तिथंच अडकतं. कुजलेल्या खतात मिसळून दिलं तर झाडाला मिळतं.

तर मळी आत्ता आणा, पण झाडाला नको, ढीग लावा. सावलीत, उंचवट्यावर, कमरेएवढा. एक थर मळी, वर दोन म्हशींचं शेण पाण्यात कालवून शिंपडा, हाताशी असेल तर ट्रायकोडर्मा (कुजवणारी उपयोगी बुरशी) त्याच शेणपाण्यात घाला, परत मळी. ओल किती हवी? मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी येऊ नये. पंधरवड्यानं फावड्यानं उलथापालथ. दोन-तीन महिन्यांत गरमी उतरते. तुमच्याकडचा पाऊस बघता वर ताडपत्री हवीच, नाहीतर खतातलं सगळं सत्त्व काळ्या पाण्यातून ओढ्याला जाईल.

झालं का हे बघायला माझी रीत अशी: डब्यात खत आणि माती निम्मी-निम्मी घालून मेथी पेरायची, शेजारच्या डब्यात नुसती माती. दोन्हीकडे सारखी उगवली तर खत तयार. खताच्या डब्यात कोंब पिवळे पडले किंवा जळाले तर अजून महिनाभर थांबा.

यंदाच्या जूनसाठी उकिरड्यातलं जे जुनं, मातीसारखं झालेलं शेणखत आहे तेवढंच वापरा. दहा वर्षांपुढच्या आंब्याला पन्नास किलोच्या आसपास धरतात, तुमच्या झाडांना त्याच्या निम्मं पुरे. पुरत नसेल तर झाडामागे किलो-दीड किलो निंबोळी पेंड जोडा. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, निंबोळी पेंडीत पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ते सावकाश सुटतं. खोडाशी ओतू नका. फांद्यांची टोकं जिथं संपतात त्याखाली वीतभर खोल चर काढा. तुमचं रान उताराचं, तेव्हा चर झाडाच्या वरच्या अंगाला अर्धगोल घ्या आणि खालच्या अंगाला मातीची अर्धचंद्र वरंबी घाला. पाणी खत घेऊन मुळ्यांकडे येईल, डोंगराखाली जाणार नाही.

शिरोळ_काळीमाती
मी तर जिप्सम आणि मळी सोबतच घालतो. आमच्या पेरूला चांगलं मानवलंय. तांबडं_रान, तुम्हीही एकरी जिप्सम टाकून बघा.

आमराई_कागल
शिरोळ, तुमची जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट झालेली, तिथं सोडियम हुसकायला जिप्सम आणि चर काढून निचरा, बरोबरच आहे. भुदरगडात सोडियम औषधाला नाही. त्यांना लागला तर चुना लागेल, तोही सामू (मातीचा pH) बघून. जिप्समनं सामू वाढत नाही. एकाच जिल्ह्यात राहून आपल्या मातीची दोन टोकं आहेत, एकमेकांच्या उपायांनी रान खराब होतं. साखर कारखान्याच्या बॉयलरची राखही तशीच. आंबट मातीत चालते, तुमच्याकडे शिरोळला अजिबात नको.

तांबडं_रान, माती परीक्षण करा. फळबागेला नमुना नुसत्या वरच्या वितीचा नेऊ नका. फूट-फूटभर खाली जात तीन थरांचे नमुने वेगळे घ्या, जांभा लागेल तिथं थांबा. कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात सल्ला विचारता येईल. सामू साडेपाचच्या खाली आला तर चुन्याचं बघू, तोवर हात आखडता.

तांबडं_रान
खूप आभार! दोन शंका. एक, उकिरड्यात जाड पांढऱ्या अळ्या निघतात, मुळ्या खाणारी हुमणी म्हणून आई ते खत बागेत घालू देत नाही. दोन, जीवामृताचं काहीच बोलला नाहीत, मामा विचारतील.

आमराई_कागल
अळी सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरसर सरकली तर ती कुजका कचरा खाणारी, मुळ्यांना धोका नाही. अंगठ्याएवढी मोठी असेल तर बहुधा गेंड्या भुंग्याची. तीही मुळं खात नाही, पण तिचा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो, परड्यात माड असतील तर ती वेचून मारा. हुमणी इंग्रजी सी अक्षरासारखी वळून एका कुशीवर पडून राहते. आईचं मात्र अगदी चूक नाही. अर्धकच्चं शेण रानात पडलं की हुमणीचे भुंगेरे त्यात अंडी घालायला येतात. वळवानंतर संध्याकाळी बांधावरच्या कडुलिंबावर, बाभळीवर बॅटरी मारून बघा, पानं कुरतडताना दिसतील. फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. खतात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळलं तर अजून बरं.

जीवामृत: दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी, आणि हे सगळं एकरभराला. यात झाडाला अन्न किती जातं ते मामांनाच मोजू द्या. जिवाणूंना चालना म्हणून ओल्या आच्छादनावर शिंपडा, फायदा होतो. पण खताऐवजी नाही, गूळ अस्सल कोल्हापुरी असला तरी.

आच्छादनावरून आठवलं. खालच्या गावांत उसाचं पाचट अजून जाळतात, ते मागून आणा. वीतभर जाड अंथरा, मात्र खोडापासून हातभर लांब, तांबड्या रानात वाळवी लगेच बुंध्याला चढते. पाचट मातीत गाडू मात्र नका, ते कुजताना नत्र ओढून घेतं आणि पानं आहेत त्याहून पिवळी होतील. ओळींच्या मधे जूनमध्ये ताग पेरा आणि फुलावर येताच जागेवरच आडवा करा. बांधावर गिरीपुष्पाच्या काड्या पावसातच रोवून टाका, दोन वर्षांनी पाल्याची ददात नाही.

वडगावचा_ऊसवाला
बकरी बसवायची राहिली की! धनगरांना सांगा, लेंडी-मूत सगळं जागच्या जागी.

आमराई_कागल
ते खरं, पण पाच वर्षांच्या कलमांची खालची पानं मेंढरं ओरबाडतात. फांद्या त्यांच्या तोंडाच्या वर गेल्यावर बसवा. तोवर बागेशेजारच्या मोकळ्या पट्टीत बसवून लेंड्या गोळा करून ढिगात मिसळता येतील.

तांबडं_रान
ठीक. ट्रॅक्टरवाल्याला उद्या हात घालून बघूनच हो म्हणतो. ताडपत्री गडहिंग्लजच्या बाजारातून आणतो. माती परीक्षणाचा कागद आला की इथंच टाकतो.