माफ करायचा हक्क नेमका कोणाचा?

अर्धविराम:
वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या. राजकीय हेतूने केलेला गुन्हा काही न लपवता कबूल करा आणि खटल्यातून सुटा, असा तो सौदा. पश्चात्तापाची अट कायद्यात नव्हतीच! ज्या आईचा मुलगा मारला, तिच्या वतीने माफ करणारं सरकार कोण? तिने स्वतः माफ केलं तर मी तिच्यापुढे हात जोडेन. सरकारने मात्र न्याय करावा, उदारपणा नको.

पाणवठा:
गल्लत होतेय तुमची. आयोगाने दिलं ते खटल्यापासून अभय, क्षमा नव्हे. आईने जन्मभर राग धरला तरी कायदा तिला अडवत नाही. शिवाय ती खैरातही नव्हती. सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. वर्णभेदाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिस कोठडीतल्या जबर मारहाणीने गेले. त्या पोलिसांनाही अभय मिळालं नाही. आणि खटलेच भरायचे तर पुरावे कुठून आणणार होतात? कागद आधीच नष्ट केलेले. निदान काही घरांना आपलं माणूस कुठे पुरलंय ते तरी कळलं.

अर्धविराम:
बिकोंचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. त्यांच्याच घरच्यांनी इतर काही कुटुंबांसोबत या अभयाला घटना न्यायालयात आव्हान दिलं होतं आणि १९९६ मध्ये ते हरले. पुढे अभय नाकारलेल्या त्या पोलिसांवर खटला भरणार नाही, पुरावे पुरेसे नाहीत, असं २००३ मध्ये सांगण्यात आलं. म्हणजे सत्यही अर्धंच आणि शिक्षाही नाही.

काठावरचा:
गुन्हा आणि शिक्षेवर लिहिणाऱ्या बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलंय की वचक बसतो तो शिक्षा चुकणार नाही या खात्रीने, तिच्या क्रूरपणाने नाही. ते पटतं. पण वचक ही पुढच्या गुन्ह्याची गोष्ट झाली, घडून गेलेल्याचं काय? माझ्या वडिलांना गाडीखाली घेणाऱ्याला दोन वर्षांची कैद झाली. निकालाच्या दिवशी आम्ही घरी येऊन नुसते बसून राहिलो. कोणाला काही वाटलंच नाही. तो एकदा तरी ‘चुकलं’ म्हणेल, याची वाट बघत होतो बहुतेक.

अर्धविराम:
म्हणाला असता, तर कैद नको म्हणाला असतात?

काठावरचा:
छे, कैद हवीच होती. पण सुटून आल्यावर तो रस्त्यात दिसला, तेव्हा मी पलीकडच्या बाजूला गेलो नसतो.