सिएटलच्या ग्रंजचा टिकाऊ वारसा कोणता?

सागरवेळ, रत्नागिरी:
नमस्कार. आमचा चौघांचा बँड मराठी रॉक वाजवतो आणि आमच्यावर निर्वाणा, साउंडगार्डन व ॲलिस इन चेन्स या अमेरिकेतील सिएटल परिसरातल्या बँडचा मोठा प्रभाव आहे. त्यांच्या खरखरीत गिटारच्या रॉक संगीताला ग्रंज म्हणतात. १९९४ मध्ये निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन गेला आणि ग्रंज तिथेच संपले, असे अनेक जण ठामपणे सांगतात. एका शहराच्या आसपास उभ्या राहिलेल्या आणि जेमतेम काही वर्षे गाजलेल्या या संगीताचा वारसा म्हणजे केवळ गिटारचा खरखरीत आवाज, की त्यापलीकडेही काही आहे?

जुनीतार, कुडाळ:
आवाजाचा वारसा आहेच. गिटारची सर्वांत जाड तार 'ई' या सुरावरून खालच्या 'डी'वर उतरवली की एकच बोट तीन तारांवर आडवे ठेवून भरदार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवता येते; साउंडगार्डनने हे तंत्र सातत्याने वापरले आणि आज ते जगभरातील नवशिक्यांच्याही हाती आहे. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती तिथली स्थानिक व्यवस्था. सब पॉप ही अल्बम काढणारी कंपनी १९८६ मध्ये सिएटलमध्ये सुरू झाली, जॅक एन्डिनो तिथल्याच एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रण करीत असे आणि विद्यापीठाचे केसीएमयू हे रेडिओ केंद्र गावातल्या बँडची गाणी लावत असे. निर्वाणाचा १९८९ चा 'ब्लीच' हा पहिला अल्बम सहाशे डॉलरांच्या आसपास खर्चात ध्वनिमुद्रित झाला. 'नेव्हरमाइंड' १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या अल्बमला अमेरिकेतील अव्वल स्थानावरून खाली खेचले. पण त्याची पायाभरणी आधीच गावातच झाली होती. सब पॉप आजही तिथेच आहे आणि ते रेडिओ केंद्र केईएक्सपी या नावाने जगभर ऐकले जाते.

खाडीकाठ, मालवण:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु एक बाजू राहून गेली. सिएटलमध्ये १९८५ पासून अल्पवयीन श्रोत्यांसाठीच्या नृत्य-संगीताच्या कार्यक्रमांवर इतक्या जाचक अटी होत्या की, दहा लाख डॉलरांचा विमा उतरवणे लहान आयोजकाच्या आवाक्याबाहेरचे होते. निर्वाणाचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिच याच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, २००१ मध्ये सर्व वयोगटांसाठी व्हेरा प्रोजेक्ट हे केंद्र सुरू झाले आणि २००२ मध्ये तो नियम बदलला गेला. कलावंतांनी पुढच्या पिढीसाठी जागा मिळवून दिली, हा वारसा मला सर्वांत मोठा वाटतो. मात्र मदर लव्ह बोन या सिएटलच्या बँडचा गायक अँड्र्यू वुड १९९० मध्ये आणि ॲलिस इन चेन्सचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये अमली पदार्थांमुळे गेले. त्या व्यसनाला वलय देणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

सागरवेळ, रत्नागिरी:
दोघांचेही आभार. आम्ही ध्वनिमुद्रणासाठी मुंबईलाच जायचे, असे धरून चाललो होतो. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात ड्रमसेटचे थेट ध्वनिमुद्रण करणारे कोणी आपल्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. पहिली चार गाणी इथेच करण्याची आमची तयारी आहे.