मदत हवी आहे : ६००० मीटरच्या वर शूटिंग कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या नाशिकच्या ट्रेकर ग्रुपमधले सहा जण येत्या जुलैत लडाखला कांग यात्से-२ (साधारण ६२५० मीटर) करायला निघालोय. मोहिमेवर अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी लग्नाचे व्हिडिओ काढतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं काही वाटत नाही. घोळ उंचीचा आणि थंडीचा आहे.

गेल्या वर्षी मनालीजवळ फ्रेंडशिप पीकला (५२८९ मीटर) गेलो होतो. मध्यरात्री निघालो तेव्हा बॅटरी ८० टक्के. पहाटे दोन शॉट घेतले आणि कॅमेरा बंद. उतरताना उन्हात तीच बॅटरी पुन्हा निम्मी भरलेली! घरी येऊन फुटेज बघतो तर सोलंगचा रस्ता, खेचरं, तंबूपुढचा चहा, सगळं आहे. जिथे खरी फाटली होती तिथलं काहीच नाही. एक क्लिप निघाली ४० सेकंदांची, ठार काळी, लेन्सवर हातमोजा. माझी धाप ऐकू येतेय आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "दोर सैल सोड!" खरं सांगू का, मला तेवढीच आवडली.

यंदा सरावासाठी बॅटऱ्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवल्या. आईने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. कळसूबाईला (१६४६ मीटर) रंगीत तालीम करणार आहे, पण तिथे हवा भरपूर आणि थंडी ती केवढी!

बॅटऱ्या, बॅकअप आणि जॅकेटखालच्या कॉलर माइकची खरखर, याबद्दल जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद – दगडफोड्या

तुझी बॅटरी संपली नव्हती, गारठली होती. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, ऊब मिळाली की चार्ज परत दिसतो. दिवसा आतल्या खिशात अंगालगत ठेव, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. कॅमेरा मात्र गारच राहू दे. उबदार तंबूत आणलास की काचेवर दव धरतं. आणायचाच तर बाहेरच झिपच्या पिशवीत बंद कर आणि आत आल्यावर लगेच उघडू नकोस.

बॅकअपला फिरती हार्ड डिस्क नको. तिचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून बहुतेक डिस्क ३००० मीटरपर्यंतच चालवायच्या असतात. एसएसडी (आत काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क) घेऊन जा. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच. आणि ऑटोवर बर्फ करडं येतं, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) चढं ठेव.

दोरावर असताना शॉटसाठी थांबायचं नाही रे बाबा, पुढचा-मागचा दोघंही अडकतात. त्यापेक्षा छोटा रेकॉर्डर छातीच्या खिशात चालू करून सोडून दे. काळी क्लिप आवडली म्हणतोस ना?

धागाकर्ता

दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. रेकॉर्डर आहे, लग्नात भटजींसाठी वापरतो तोच. पण खिशात ठेवला तरी जॅकेटची खरखर येणारच ना? त्याला काय करू?