फर्म बाईची, पाटीवर नाव कुणाचं?

कव्हरब्लॉक
सात वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात स्ट्रक्चरल डिझाइनचं ऑफिस काढलं. एकटीनं. परवा होटगी रोडला एका साइटवर स्टील तपासायला गेले, तर बीमच्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांचे हूक ९० अंशांत वाकवलेले. १३५ अंशांत हवेत, नाहीतर भूकंपाच्या हादऱ्यात रिंग उघडते. सगळ्या बदला म्हटलं. ठेकेदार माझ्या मागं उभ्या असलेल्या पोराकडं बघून म्हणाला, "साहेब, एवढं चालतंय नव्हं?" ते पोर माझ्याकडं ट्रेनी आहे, पास होऊन चार महिने झालेत.

संध्याकाळी त्या साइटच्या घरमालकाचा फोन. "मॅडम, काम चांगलंय तुमचं, पण पाटीवर मिस्टरांचंही नाव टाका. लोकांना बरं वाटतं." मिस्टर बँकेत आहेत. त्यांना रिंग म्हटलं की अंगठी आठवते.

मी नाही म्हणतेय. तुम्हाला काय वाटतं?

होटगीरोडकर
राग मानू नका, पण टाका. पंचवीस वर्षं ठेकेदारी करतोय. पाटी गिऱ्हाईक आणायला असते, भांडायला नाही. सेंट्रिंगवाला, बारबेंडर, मिक्सरवाला, सगळे गडी. पहाटे पाचला सुरू झालेला स्लॅब रात्री अकराला संपतो आणि शिवी दिल्याशिवाय काम हलत नाही. बाई उभी राहिली की माणसं अवघडतात, काम रेंगाळतं. इंजिनिअर शकुंतला भगतांचं उदाहरण सगळे देतात. पुलांवर मोठं काम केलं, मान्य. पण १९७० ला क्वाड्रिकॉन कंपनी काढली ती नवऱ्यासोबतच ना?

विडीवालीची लेक
अहो, त्यांचे यजमान स्वतः इंजिनिअर होते! बँकेतल्या माणसाचं नाव टाकणं वेगळं. आणि साइटवर बाया नसतातच होय? घमेली कोण उचलतं? डोक्यावर घमेलं असलं की बाई चालते, हातात ड्रॉइंग आलं की माणसं अवघडतात. माझ्या आजीनं आणि आईनं सोलापूरच्या पूर्व भागात जन्मभर विड्या वळल्या, घर त्याच्यावरच चाललं. कारखान्याच्या पाटीवर नाव मालकाचं.

करसल्लागार काका
मला दुसरंच दिसतंय. २०१६ ला केंद्राची स्टँडअप इंडिया कर्जयोजना आली, महिलांना १० लाख ते १ कोटी कर्ज. एकट्याचा धंदा नसेल तर ५१ टक्के हिस्सा बाईचा लागायचा. केंद्राच्या सरकारी खरेदीतही ३ टक्के महिलांच्या लघुउद्योगांसाठी. मग काय, यंत्रमाग नवऱ्याचे, सही बायकोची. माझ्याकडं असल्या फायली येतात. "वहिनी, इथं सही" म्हटलं की वहिनी न वाचता करतात, नजर नवऱ्याकडं. म्हणून बँकवाला खऱ्या मालकिणीलाही विचारतो, "प्रत्यक्षात बघतंय कोण?" तुम्ही मिस्टरांचं नाव लावलंत की गेलात त्याच ढिगात.

होटगीरोडकर
हे थोडं पटलं. पण काम गेलं तर ऑफिसचं भाडं काका भरणार का?

कव्हरब्लॉक
गेलीत की दोन कामं, गेल्या वर्षीच. एक गिऱ्हाईक तर ड्रॉइंग घेऊन गेलं, पैसे न देता. (तो वेगळा धागा होईल.)

पण ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा हादरा बसला तेव्हा मी दुसरीत होते. आईनं आम्हाला झोपेतच ओढत अंगणात आणलं, मांडणीवरची भांडी मागं पडत होती. हुकाचा कोन माझ्यासाठी पुस्तकातला आकडा नाही. तो कुणाच्या तोंडून ऐकला की ठेकेदाराला पटतो, त्यासाठी मी माणूस भाड्यानं आणायचा का? रिंगा बदलून घेतल्या. ट्रेनीच्या हातात आता टेप देते, आणि आकडे माझ्याकडं बघून मोठ्यानं सांगायला लावते. ठेकेदाराची मान आपोआप वळते.

पाटी आहे तशीच राहील.

होटगीरोडकर
बरं बाई. स्लॅब कधी?

कव्हरब्लॉक
गुरुवारी. नळाला पाणी कालच येऊन गेलं, आता लगेच येणार नाही, म्हणून टँकर बघतेय.

होटगीरोडकर
टँकरवाल्याला माझं नाव सांगा, वेळेवर येईल.

कव्हरब्लॉक
बघा! आता तुमचंही टाकू का पाटीवर?