समवर्ती भाषेच्या प्रारूपात उत्तर एकच येते, हे कसे सिद्ध करावे?

प्रश्न
एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेचे स्मॉल-स्टेप सिमँटिक्स, म्हणजे प्रोग्रॅम एकेका पायरीने कसा पुढे सरकतो याचे नियम, मी लिहीत आहे. त्यात दोन थ्रेड (सूचनांच्या स्वतंत्र मालिका) समांतर चालवणारी रचना घातली, की ‘प्रत्येक अवस्थेतून पुढची पायरी एकच’ हे प्रमेय कोसळते. क्ष या सामायिक चलाचे मूल्य 1 असताना एका थ्रेडने त्यात 1 मिळवायचा आणि दुसऱ्याने त्याची दुप्पट करायची, तर उत्तर 3 किंवा 4 येते. वाचणे आणि लिहिणे या वेगळ्या पायऱ्या धरल्या तर 2 सुद्धा. क्रम नियमांतच बांधून टाकला, तर समवर्तिता नावापुरतीच उरते. यातून वाट कशी काढावी?

उत्तर 1
आपण गरजेपेक्षा कडक प्रमेय मागत आहात. पायरी एकच असण्याची गरज नाही. वाटा फुटल्या तरी त्या पुन्हा एकत्र याव्यात, एवढे पुरते. लॅम्बडा कॅल्क्युलस या फंक्शनांच्या गणनपद्धतीसाठी चर्च आणि रॉसर यांनी 1936 मध्ये हेच सिद्ध केले. फुटलेल्या दोन वाटा प्रत्येकी फार तर एका पायरीत जुळत असतील, तर प्रोग्रॅम थांबतोच हे वेगळे दाखवावे लागत नाही; जुळायला अनेक पायऱ्या लागत असतील, तर न्यूमनच्या लेमासाठी (प्रोग्रॅम नेहमी थांबत असेल आणि एका पायरीने फुटलेल्या वाटा जुळत असतील, तर सगळ्याच वाटा जुळतात) ते दाखवावेच लागते. ही अट पुष्कळदा नजरेतून सुटते.

उत्तर 2
आपल्या उदाहरणात मात्र वाटा जुळणारच नाहीत, कारण कोण आधी आला हे तिथे मूल्यातून दिसते. खरा दोष इथे आहे, पायऱ्यांच्या सरमिसळीत नाही. काह्न यांच्या 1974 च्या प्रारूपात प्रक्रिया केवळ चॅनेलमधून (मूल्ये क्रमाने वाहून नेणाऱ्या रांगांतून) बोलतात, प्रत्येक चॅनेलला लिहिणारा एकच असतो, आणि चॅनेल रिकामे असल्यास वाचणाऱ्याला थांबावेच लागते. ‘रिकामे आहे का’ असे विचारण्याची सोयच नसते. त्यामुळे प्रत्येक प्रक्रिया प्रवाहांवरील (चॅनेलमधून येणाऱ्या मूल्यांच्या क्रमांवरील) कंटिन्युअस फंक्शन ठरते, म्हणजे जास्त इनपुट आले तर आधीचे आउटपुट बदलत नाही, फक्त वाढू शकते, आणि सगळ्या जाळ्याचा अर्थ म्हणजे लीस्ट फिक्स्ड पॉइंट, म्हणजे जाळ्याची सगळी समीकरणे पाळणारे सर्वांत लहान उत्तर.

प्रश्नकर्ता
मला सामायिक मेमरी हवी आहे. शिवाय दोन प्रवाहांतून जे आधी येईल ते घेणारी प्रक्रियाही.

उत्तर 2
पहिली मागणी पुरवता येते. कूपर आणि न्यूटन यांच्या 2013 च्या एलव्हार्स या सामायिक चलांच्या प्रारूपात लिहिणे म्हणजे लॅटिसमधील (खालीवर क्रम लावलेल्या मूल्यांच्या रचनेतील) जॉइन, म्हणजे जुन्या आणि नव्या मूल्यांच्या वरचे सर्वांत लहान मूल्य, म्हणून मूल्य फक्त वर चढते. वाचणारा परस्परविसंगत (दोन एकत्र गाठले जाऊ शकत नाहीत अशा) उंबरठ्यांचा संच देतो, त्यांपैकी एक गाठला जाईपर्यंत थांबतो आणि त्याला तो उंबरठाच परत मिळतो, प्रत्यक्ष मूल्य नव्हे. त्यामुळे लिहिण्याचा क्रम त्याला कळतच नाही. दुसऱ्या मागणीत मात्र अनिश्चितता गृहीतच आहे. अशा मर्जचा, म्हणजे दोन प्रवाह एकत्र करणाऱ्या प्रक्रियेचा, अर्थ इनपुट आणि आउटपुट इतिहासांचे नाते एवढाच धरला, तर समान नाते असलेले दोन घटक एकाच मोठ्या जाळ्यात वेगळे वागू शकतात, हे ब्रॉक आणि ॲकरमन यांनी 1981 मध्ये दाखवले. मर्ज टाळता येत नसेल, तर तो भाषेच्या वेगळ्या थरात ठेवावा आणि प्रमेय उरलेल्या भागापुरते मांडावे.