शब्दचर्चा: ‘व्यवसाय शिक्षण’ आणि ‘व्यावसायिक शिक्षण’ हे एकच आहे का?

प्रश्न

दहावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांशी पुढील शिक्षणाविषयी बोलण्याचे काम मी करते. अलीकडे एका आईने मला विचारले, “नव्या धोरणात सहावीपासून व्यावसायिक शिक्षण आहे म्हणतात, म्हणजे शाळेतच अभियांत्रिकीची तयारी करून घेणार का?” तेथे सुतारकाम, वीजकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांची ओळख अभिप्रेत आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यावर, “मग प्रवेश परीक्षेच्या सूचनेत व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणजे अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र, असे कसे?” हा त्यांचा प्रतिप्रश्न रास्त होता आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. या दोन शब्दांत खरोखर भेद आहे का? ‘धंदेशिक्षण’ हा जुना शब्द अधिक सुबोध नव्हता का?

प्रतिसाद

भेद आहे, आणि तो महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत बराच काळ पाळला गेला आहे. आयटीआय ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, त्याचे नाव ‘व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय’ असे आहे. तेथे ‘व्यवसाय’ हे नाम समासात आले आहे आणि त्याचा अर्थ हाताने शिकण्याचे, ठरावीक कसबाचे काम असा आहे. आयटीआयच्या प्रवेश अर्जात ‘व्यवसाय’ म्हणून जी यादी येते, तिच्यात जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री अशी नावे असतात. कारखान्यात त्यांनाच फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमन म्हणतात. याउलट खासगी अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि तत्सम महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क ज्या २०१५ च्या अधिनियमाने नियमित होतात, त्याच्या नावात ‘व्यावसायिक शैक्षणिक संस्था’ असे शब्द आहेत. म्हणजे नाम वापरले की आयटीआय आणि ‘इक’ प्रत्यय लागला की पदवी, अशी ही विभागणी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तिला काहीही आधार नाही, कारण ‘व्यवसायासंबंधीचे’ एवढाच ‘व्यावसायिक’चा अर्थ होतो, ती केवळ रूढीने टिकली आहे, आणि म्हणूनच ज्याला रूढी ठाऊक नाही तो पालक चुकतो. (‘व्यवसायिक’ हे रूप मात्र दोन्ही अर्थी अशुद्धच आहे.)

त्यातच ‘व्यावसायिक’ला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. व्यावसायिक गाळा, व्यावसायिक वापराचा गॅस सिलिंडर, व्यावसायिक रंगभूमी, या ठिकाणी तो नफ्यासाठी किंवा उपजीविकेसाठी चाललेल्या उद्योगाचा वाचक आहे. संस्कृतात तर ‘व्यवसाय’ म्हणजे निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘व्यवसायात्मिका बुद्धिः’ म्हणजे निश्चयात्मक बुद्धी. निश्चयापासून उद्योगापर्यंत आणि तेथून पोटापाण्याच्या कामापर्यंत आलेल्या या एका शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे.

‘धंदेशिक्षण’ सुबोध होता, हे मला मान्य आहे. पण ‘धंदेवाईक’ या शब्दाला हिणकस छटा आली आणि ‘धंदा’ शब्दही अनेक संदर्भांत नकोसा झाला. मुलाला धंदेशिक्षणाला घातले असे सांगताना आज पालक संकोचतील. ‘आयटीआयला गेला’ हे वाक्यही पुष्कळ घरांत खालच्या स्वरात उच्चारले जाते, हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. उत्तम संधात्याच्या कामावर पूल आणि जहाजे उभी राहतात, त्याला कमी लेखण्याचे कारण शब्दात नसून आपल्या मनात आहे. म्हणून केवळ नाव बदलून प्रतिष्ठा येईल असे मी मानत नाही.

दुसरा प्रतिसाद

आताचा गोंधळ वाढण्याचे एक कारण हिंदी आहे, असे मला वाटते. हिंदीत ‘व्यावसायिक शिक्षा’ म्हणजे आपले व्यवसाय शिक्षण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या हिंदी पाठात तोच शब्द आहे आणि मराठी बातम्यांत व शालेय परिपत्रकांत तो जसाच्या तसा उतरतो. सहावी ते आठवीतील दहा दिवसांचा दप्तराविना काळ, आणि २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना या शिक्षणाचा अनुभव देण्याचे उद्दिष्ट, या दोन्ही बाबी कसबाच्या शिक्षणाविषयी आहेत. येथे ‘व्यवसाय शिक्षण’ असेच लिहायला हवे होते. मराठीत भेद दाखवणारी दोन रूपे तयार असताना ती एकात मिसळू देणे हे भाषेचे नुकसान आहे आणि अर्ज भरणाऱ्या मुलाचेही.

या निमित्ताने एका शब्दाची आठवण करून देतो: ‘द्विलक्षी’. अकरावी-बारावीत द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय घेता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, दुग्धव्यवसाय, बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन असे त्याचे पर्याय आहेत. यालाच द्विलक्षी विषय म्हणतात. त्याचा मूळ इंग्रजी शब्द बायफोकल चष्म्याच्या भिंगाची आठवण करून देतो. मराठी करणाऱ्याने ‘लक्ष्य’ मनात धरले आणि महाविद्यालय व नोकरी ही दोन्ही उद्दिष्टे एका विशेषणात बसवली. मुले मात्र ‘बायफोकल’च म्हणतात, आणि संगणकशास्त्राची जागा बहुधा अभियांत्रिकीकडे नजर ठेवून मागितली जाते, त्यामुळे दोनपैकी एक लक्ष्य पुसट झाले आहे. १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळवण्याचे ठरवले होते. तो आकडा गाठला गेला नाही.

प्रश्नकर्तीची पुरवणी

आपणा दोघांची आभारी आहे. पालकांसाठीच्या माहितीपत्रकात यापुढे मी ‘व्यवसाय शिक्षण’ हाच शब्द वापरीन आणि ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ जेथे येईल तेथे लगेच ‘अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र इत्यादी’ असे लिहीन. एक शंका उरते: ‘जोडारी’ आणि ‘संधाता’ हे शब्द आमच्या भागात कोणी बोलत नाही. ते ठेवावेत का?

प्रतिसाद

ठेवावेत, पण फिटर आणि वेल्डर या शब्दांच्या जोडीने. मूल घरी ‘फिटर’ म्हणते आणि अर्जात त्याला ‘जोडारी’ दिसते. त्या क्षणी अडू नये म्हणून त्याला दोन्ही ओळखीचे असले पाहिजेत.