जमिनीचा ठराव 'ऐनवेळच्या विषयां'त घ्यावा का?

मूळ मुद्दा : विश्वस्त, राजापूर तालुका
आमच्या शिक्षणसंस्थेचे निम्मे विश्वस्त मुंबईत आणि निम्मे गावात असल्यामुळे मोठी सभा मे महिन्यात, चाकरमानी आलेले असताना होते. यंदा विषयपत्रिकेवर नऊ विषय होते, पण शाळेमागची कलमांची बाग बारा वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा विषय त्यांत नव्हता. चहा फिरू लागल्यावर तो 'ऐनवेळचे विषय' म्हणून आला आणि दहा मिनिटांत 'सर्वानुमते' मंजूर झाला. मी कराराचा मसुदा मागितला, तर तो मुंबईत असल्याचे कळले. पुढे इतिवृत्ताची वही पाहिली, तेव्हा ठराव आणि अध्यक्षांची सही यांच्यामध्ये चार ओळी कोऱ्या होत्या. पैशाचा वा जमिनीचा कोणताही विषय कागदपत्रांसह सात दिवस आधी हाती आल्याशिवाय सभेपुढे येऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : एका संस्थेचे कार्यवाह, दापोली
आपली तळमळ समजते, पण नियम मान्य नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळात आमच्या शाळेचे पत्रे उडाले, वीज गेली, फोन बंद पडले आणि पाऊस तोंडावर होता. सात दिवसांची वाट पाहिली असती, तर वर्गांतली कपाटे आणि दाखल्यांची रजिस्टरे भिजून गेली असती. मी दोघा विश्वस्तांना विचारून पत्रे आणले. दुसरे असे की, मी दर सभेआधी चाळीस पाने पाठवतो आणि निम्मे सदस्य पाकीट सभेतच फोडतात. शिवाय जागेचा आकडा आधी बाहेर गेला की गावात तो सर्वांच्या तोंडी होतो आणि भाव पाडून मागितला जातो.

प्रतिसाद : विश्वस्त, राजापूर तालुका
पत्र्यांबाबत आपण केलेत ते योग्यच होते. त्यासाठी कार्यवाहांना ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार आधीच ठरावाने द्यावा आणि तो खर्च पुढच्या सभेत मांडावा. बाग मात्र वादळात उडून जाणारी नव्हती. सार्वजनिक न्यासाची शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तर 1950च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मागताना हा व्यवहार न्यासाच्या हिताचा कसा, हे दाखवावे लागते, मग विश्वस्तांनाच ते आधी का दाखवू नये? चाळीस पाने कोणी वाचत नसेल, तर वर एक पान जोडावे : काय ठरवायचे आहे, किती रुपयांचे आहे, दुसरा पर्याय कोणता होता.

प्रतिसाद : कार्यवाह, दापोली
वरचे एक पान मला पटले, पुढच्या सभेपासून जोडतो. गुप्ततेचा प्रश्न मात्र आपण टाळलात. आकडा फुटला, तर नुकसान संस्थेचे होते आणि फोडणारा कधीच सापडत नाही.

प्रतिसाद : विश्वस्त, राजापूर तालुका
आकडा सीलबंद ठेवा, हरकत नाही. पण विषय, मुदत आणि सर्व्हे क्रमांक विषयपत्रिकेवर हवेतच, कारण तेवढेही कळले नाही, तर मी सही नेमकी कशावर करतो आहे?